दोन्याचं दुसरं रेडकू

सिद्रा आणि तेबान, दोघंही माझ्याच वर्गात शिकले. सिद्राला पाढे कधी आले नाहीत, पण आभाळाकडे बघून पाऊस किती वेळात येईल ते ती नेमकं सांगायची. तेबानला पाढे पाठ होते आणि छत्रीही त्याच्याकडेच असायची. दोन्ही मुलं मला आवडायची; अजूनही ती मला माएस्त्रा, म्हणजे मास्तरीणबाई, म्हणतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यात कोणाला वाटेल की माझा एकावर राग होता. तसं नव्हतं.

आता सिद्रा त्रेपन्न वर्षांची आहे. नवरा गेला, मुलगा दूर शहरात कारखान्यात आहे. नदीकाठी तिचं बांबूचं घर, मागे चढावर थोडी आबाकाची, म्हणजे दोराच्या वाखासाठी लावतात त्या केळीची, झाडं आणि खाली भाताचा एक तुकडा. तेबान बाजारगावात राहतो, आबाकाचा वाख विकत घेतो. सिद्राच्या मुलाच्या नामकरणाला धर्मपिता म्हणून तोच उभा होता, तेव्हापासून ती दोघं एकमेकांना कुंपारे आणि कुमारे म्हणतात. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाइतकंच धरतात.

सहा वर्षांपूर्वी तेबानने एक तरुण म्हैस घेतली आणि सिद्राकडे राखायला दिली. तो व्यवहार माझ्याच ओसरीवर ठरला. म्हैस त्याची, चारा आणि मेहनत हिची. पहिलं रेडकू मालकाचं, दुसरं राखणारीचं, तिसरं पुन्हा मालकाचं. गावात सगळे असंच करतात आणि कोणी लिहून घेत नाही. कागद मागणं म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणणं. मी साक्षीला होते, तेवढं पुरेसं होतं.

म्हशीचं नाव सिद्राने दोन्या ठेवलं, म्हणजे बाईसाहेब. ऊन चांगलं वर आल्याशिवाय ती चिखलातून उठायची नाही, म्हणून. सिद्रा पहाटे गवताचा भारा घेऊन यायची आणि विचारायची, बाईसाहेब, नाष्टा इथेच आणू की बाहेर घेणार? तीन वर्षांनी पहिलं रेडकू झालं, नर. दूध तुटल्यावर तेबान ते घेऊन गेला, ठरल्याप्रमाणे. सिद्राने स्वतः त्याच्या गळ्यात नवं दावं घातलं. या वर्षी दोन्या पुन्हा गाभण होती आणि नोव्हेंबरात तिचे दिवस भरत आले होते.

त्या रेडकावर सिद्राचं काय अडलं होतं ते शेती न करणाऱ्याला चटकन कळणार नाही. तिच्याकडे स्वतःचं जनावर कधीच नव्हतं. दोन्यावर नांगर तेबानचा आधी, मग तेबान सांगेल त्या माणसाचा, आणि सगळ्यांचं झालं की तिचा. तिची लावणी गावात नेहमी शेवटी व्हायची. तोवर पाणी ओसरलेलं असायचं, रोपं पिवळी पडलेली असायची. ती मला एकदा म्हणाली होती की स्वतःची म्हैस असली तर फक्त एकदा, एका वर्षी, सगळ्यांच्या आधी चिखलात उतरून बघायचंय.

मंगळवारी रेडिओवर वादळाची बातमी आली. बुधवारी सकाळी इशाऱ्याचा आकडा दोनवरून तीनवर गेला. मी सिद्राकडे गेले. या वयात मी कामाची नाही, पण दोरीचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागतंच.

सिद्राचा कामाचा एक क्रम होता आणि मी मुलांना तोच शिकवत आले. आधी जनावरं, मग छप्पर, मग धान्य, शेवटी माणसं. माणसाला पाय आहेत आणि अक्कल आहे, असं आपण धरून चालतो. कोंबड्या तिने आदल्या संध्याकाळी बसल्या जागी पकडून घरात डालग्याखाली ठेवल्या होत्या, कारण वारा सुटल्यावर कोंबडी हाताला लागत नाही. डुकराला मागच्या पायाला दोरी लावून ती शाळेमागच्या पत्र्याच्या खोपीत घेऊन गेली. डुक्कर दर चार पावलांवर बसायचं. सिद्रा त्याला म्हणायची, बस बाबा बस, तुझी वरात आहे, वादळ थांबेल तुझ्यासाठी.

मग छप्पर. झावळ्यांवर दोन्ही बाजूंनी आडवे बांबू टाकायचे, ते आढ्यावरून एकमेकांना बांधायचे आणि दोऱ्या खाली आणून खुंट्यांना ताणायच्या. भिंतींना तिरपे टेकू दोन्ही अंगांनी द्यायचे. नवशिके एकाच अंगाने देतात, पण वादळाचा डोळा वरून गेला की वारा उलट्या बाजूने येतो. केळीची पानं छाटून नुसते सोट उभे ठेवायचे, म्हणजे वाऱ्याला धरायला काही मिळत नाही. तांदूळ पिंपात, झाकणावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. वाळत टाकलेला आबाकाचा वाख खाली उतरवून चटईत गुंडाळायचा.

दोन्याचं मात्र तिने सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं, कारण ते सगळ्यांत सोपं होतं. दावं काढायचं आणि वेसणीची दोरी शिंगांना घट्ट गुंडाळायची, म्हणजे कुठे झुडपात अडकत नाही. मग सोडून द्यायचं. म्हैस उंच जागा शोधते, नाही सापडली तर पोहते.

छप्पर अर्धं बांधून झालं होतं तेव्हा तेबान मोटारसायकलवरून आला. खांद्यावर निळ्या नायलॉनच्या दोरीचं नवं कोरं वेटोळं. त्याने आम्हा दोघींना नमस्कार केला, मोठ्यांचा मान म्हणून माझा हात स्वतःच्या कपाळाला लावला आणि सरळ दोन्याकडे गेला. घरामागच्या चढावर एक जुना आंबा होता. तिथे नेऊन त्याने तिला बांधायला घेतलं.

सिद्रा शिडीवरून खाली उतरली. तिने समजावलं की पाणी आलं तर बांधलेली म्हैस गळफास लागून मरते, आणि हिच्या पोटात तर जीव आहे. तेबान म्हणाला की चढावर पाणी येत नाही, नदी खाली आहे. त्याचं भय निराळं होतं, आणि खरं होतं. मागच्या मोठ्या वादळात त्याचा एक रेडा दुसऱ्या राखणदाराने असाच सोडला होता. आठवड्याने खालच्या गावात त्याचं कातडं आणि शिंगं मिळाली. लोक म्हणाले बुडून मेला. बुडालेला रेडा स्वतःचं कातडं सोलून वाळत घालत नाही.

मी मध्ये पडले. म्हटलं, तेबान, चौतीस वर्षं मी पोरांकडून पाठ करून घेतलंय, तुझ्याकडूनही, की वादळात जनावर मोकळं सोडायचं.

तो हसला. "माएस्त्रा, तुमच्या धड्यातली म्हैस कोणाचीच नव्हती. ही माझी आहे."

"आणि तिच्या पोटातलं?" सिद्रा म्हणाली.

"म्हैस राहिली तर पोटातलं. ती खालच्या गावात कोणाच्या पातेल्यात गेली, तर कसलं रेडकू आणि कोणाचं?" त्याने गाठीवर गाठ मारली, पाय लावून ओढून बघितली. मग सिद्राकडे वळला. "कुमारे, मला शब्द दे. दावं सोडणार नाहीस."

तो उत्तर घेतल्याशिवाय हलेना. नैर्ऋत्येकडे उजेड पिवळट झाला होता आणि वारा थांबून थांबून येत होता, म्हणजे फार वेळ उरला नव्हता. अर्धं छप्पर मोकळं होतं.

आमच्याकडे माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत, कुंपारेला तर नाहीच. आलेला माणूस समाधानाने घरी जावा म्हणून बरं म्हणायचं. मग वेळ येईल तसं बघायचं. दिवसातून दहा वेळा आम्ही असं बरं म्हणतो आणि ऐकणाऱ्यालाही त्याचं वजन ठाऊक असतं. मी सिद्राच्या जवळ गेले आणि हळूच म्हटलं, "म्हण बरं, आणि जाऊ दे त्याला. छप्पर राहिलंय तुझं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, माझ्या तोंडून हे ऐकायची तिची तयारी नव्हती.

"बरं, कुंपारे," ती म्हणाली. "नाही सोडणार."

"माएस्त्रा, ऐकलंत ना?"

"ऐकलं," मी म्हटलं.

तो गेला. आम्ही छप्पर पुरं केलं. दोन्याजवळून जाताना सिद्राने गाठीला हात लावून पाहिला. मला वाटलं, शाळेत आसऱ्याला जायच्या आधी ती येऊन सोडेल. तिला वाटलं असावं, मी शब्द ऐकलाय तर आता पाळावा. आम्ही एकमेकींना विचारलं नाही. रात्री आम्ही गावातल्या इतरांबरोबर शाळेच्या पक्क्या इमारतीत होतो.

गुरुवारी उजाडता उजाडता वादळ आलं. त्याचं वर्णन मी करत बसत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना गरज नाही आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ते सांगून कळत नाही. मुलं रडू नयेत म्हणून मी त्यांना ओळीत बसवून भिंतीवरच्या नकाशातली बेटं मोजायला लावत होते. सिद्रा खिडकीच्या फटीशी उभी होती. तिथून तिचं घर आणि मागचा चढ दिसायचा.

दहाच्या सुमारास ती म्हणाली की पाणी येतंय. मी म्हटलं नदी. ती म्हणाली, नदी नाही, डोंगर. वरच्या ओढ्यात दरड पडून पाणी तुंबलं होतं आणि आता ते फुटून आंब्याच्या बाजूने खाली येत होतं. जिथे पाणी येत नाही असं तेबान म्हणाला होता, नेमकं तिथून.

तिने कोयता कमरेला बांधला. मी तिचा दंड धरला. म्हटलं, पत्रे उडताहेत, मान कापली जाईल तुझी.

"ती बांधलेली आहे, माएस्त्रा," ती म्हणाली.

तिने माझी बोटं एकेक करून सोडवली, वर्गातलं लहान मूल सोडवावं तशी, आणि गेली.

शाळेपासून आंबा दोनशे पावलं. ती तासाने परत आली. कपाळ फुटलं होतं, रक्त पावसाने धुऊन जात होतं आणि पुन्हा येत होतं. मुठीत निळ्या दोरीचे धागे अडकले होते. गाठ सुटत नव्हती, घासून घासून कापावी लागली, असं तिने सांगितलं. दोन्या पोटापर्यंत पाण्यात होती, मान वर ताणलेली, डोळे पांढरे. दोरी तुटल्यावर क्षणभर तशीच उभी राहिली, मग तिने पाण्याला अंग दिलं. सिद्राने एवढं सांगितलं आणि भिंतीला टेकून बसली.

दुपारी वारा उलटला. त्यानंतर फटीतून पाहिलं तेव्हा तिथे आंबा नव्हता. मुळांसकट गेला होता. चढाच्या जागी लाल चिखलाचा उतार होता.

सिद्राच्या घराचे खांब राहिले, छप्पर अर्धं राहिलं. सात कोंबड्यांतल्या चार जगल्या. डुक्कर तर झोपलेलंच सापडलं. तिने कशाकडेच बघितलं नाही. तीन दिवस ती नदीच्या काठाने खाली चालत गेली आणि भेटेल त्याला विचारत राहिली.

पाचव्या दिवशी निरोप आला. आठ किलोमीटर खाली, खाडीच्या तोंडाशी, बासिलियो नावाच्या कोळ्याच्या दारात एक परकी म्हैस आली आहे आणि व्याली आहे. आम्ही दोघी चिखल तुडवत गेलो. वाटेत सिद्राने मला तीनदा विचारलं की परकी म्हणजे आपलीच असेल ना. बासिलियोच्या घराचं छप्पर शेजारच्या नारळावर लटकत होतं, पण म्हशीपुढे ताजं गवत होतं. त्याने आम्ही कोण हे विचारायच्या आधी उकडलेली रताळी पुढे केली. म्हशीकडे बघत म्हणाला, ही बाई वादळाच्या दुसऱ्या दिवशी आली आणि माझ्या उरलेल्या एकमेव भिंतीला पाठ घासून तीही पाडायला निघाली, म्हणून मी ओळखलं की कोणाची तरी लाडकी आहे.

दोन्याच्या गळ्यात निळ्या दोरीचा हातभर तुकडा अजून होता. तिच्या पोटाखाली रेडकू उभं होतं, पाय फाकून, कास शोधत. मादी होती. सिद्रा खाली बसली आणि तिने त्याच्या अंगावरचे भोवरे बोटाने शोधले. एक कपाळावर, दोन खांद्यांवर, चांगल्या नांगरी जनावराची खूण. तिने ते पुन्हा मोजले. मग तिने माझ्याकडे पाहून नुसती मान डोलवली. इतक्या वर्षांत मी तिचा तसा चेहरा पाहिला नव्हता.

तेबानलाही निरोप गेला होता. तो तासाभराने आला. म्हशीला बघून त्याचे डोळे भरले, हे मी खरं तेच सांगते. त्याने बासिलियोचे आभार मानले, दोन्याच्या मानेवरून हात फिरवला आणि मग तो हात दोरीच्या तुकड्यावर थांबला.

"ही कापलेली आहे," तो म्हणाला.

"मीच कापली," सिद्रा म्हणाली. ती अजून रेडकाजवळ बसलेली होती, हसत होती. त्याने आभार मानावेत असं तिला वाटलं असणार. मलाही वाटलं.

तो म्हणाला, आपण काप्तानसमोर बोलू. काप्तान म्हणजे आमच्या गावाचा प्रमुख, अर्सेनियो. तोही माझाच विद्यार्थी.

तीन दिवसांनी गावच्या कचेरीत बसलो. कचेरीचं छप्पर उडालं होतं, वर निळी ताडपत्री होती. तेबानने आवाज चढवला नाही. तो म्हणाला की राखण म्हणजे शब्द. शब्द मोडला तिथे राखण संपली. रेडकू जन्मलं तेव्हा म्हैस सिद्राच्या राखणीत नव्हती, ती पाण्यातून वाहून आलेली म्हैस होती, आणि वाहून आलेल्या जनावराचं रेडकू मालकाचं. सिद्रा म्हणाली की बांधलेली राहिली असती तर दोघंही आंब्याखाली चिखलात असती.

"कोणी पाहिलंय?" तेबान म्हणाला. "आंबा गेला म्हणून म्हैस गेली असती, हे कशावरून? ती काय आंब्याला फळासारखी लागली होती?"

दोन-तीन माणसं हसली. मग तो जे म्हणाला ते खरं कारण होतं, असं मला वाटतं. त्याची आणखी चार जनावरं चार घरांत आहेत. आज एकीने शब्द मोडून बक्षीस नेलं, तर पुढच्या वादळात चौघंही दावी कापतील आणि मग खालच्या गावात कातड्यांचा बाजार भरेल. त्या चार राखणदारांत एक अर्सेनियोचा धाकटा भाऊ आहे. अर्सेनियोने वही पुढे ओढली आणि माझ्याकडे पाहिलं.

"माएस्त्रा, एवढंच सांगा. सिद्राने शब्द दिला होता की नाही?"

"दिला होता," मी म्हटलं.

तो लिहू लागला. मला पुढे बोलायचं होतं. तो शब्द मी तिच्याकडून काढून घेतला, हे सांगायचं होतं. तसलं बरं आपण सगळेच म्हणतो, अर्सेनियो, तू मला गेल्याच महिन्यात शाळेची गटारं साफ करतो म्हणून बरं म्हणाला होतास. सगळं जिभेवर होतं. पण समोर पन्नास माणसं बसली होती, त्यांतली निम्मी माझ्या हाताखालून गेलेली, आणि त्यांना मी जन्मभर एकच गोष्ट सांगत आले होते, खोटं बोलू नका. त्यांच्यासमोर मी म्हणायचं की खोटं बरं म्हणायला मीच शिकवलं? विचारलं होतं तेवढ्याचं उत्तर मी दिलं होतं, आणि ते खरं होतं. मी त्याच्या आडोशाला बसून राहिले. वही बंद झाली.

रेडकू तेबानला मिळालं. म्हैसही त्याने त्याच दिवशी नेली, कारण भरवसा गेला, असं तो म्हणाला. जाताना सिद्राच्या घरासमोर झावळ्यांच्या तीस जुड्या आणि तांदळाचं एक पोतं उतरवून गेला. कुमारेचं छप्पर गेलंय, असं म्हणाला. सिद्राने ते घेतलं. न घेऊन काय करणार होती?

आठवड्याने मी तिच्याकडे गेले. ती छपरावर झावळ्या बांधत होती. मी शिडीखाली उभी राहून म्हटलं की मी काप्तानकडे जाते आणि सगळं सांगते, तुला मीच बरं म्हणायला लावलं ते.

तिने गाठ पुरी केली. "ते मला माहीत होतं, माएस्त्रा. तिथे बसलेल्यांना माहीत नव्हतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी गेलेच काप्तानकडे. त्याने बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, मान डोलवली. मग म्हणाला की आता लिहून झालंय, सह्या झाल्यात, आणि तेबानने म्हैस आणि रेडकू दोन्ही अर्सेनियोच्याच धाकट्या भावाकडे राखायला दिली आहेत, तर आता कशाला. अंगणात त्याच्या भावाची मुलं त्या रेडकाला पाण्याने धूत होती. ते अंगाने भरलं होतं.

जानेवारीत लावण्या सुरू झाल्या. अर्सेनियोच्या भावाचं शेत पहिलं नांगरलं गेलं. सिद्राला उसना रेडा मिळेपर्यंत फेब्रुवारी उजाडला. मी तिच्या बांधावर उभी राहून रोपांच्या जुड्या पुरवत होते. ती वाकलेली असायची. हात मागे करायची, मी जुडी द्यायची, ती मागे न बघता घ्यायची. पाणी घोट्याच्याही खाली गेलं होतं.